पंख्याचा टोप

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या गड्यांनो, पुढं हसू येईल का न्हाई ह्याची मी खात्री देत न्हाई. चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा, पण जरा मोठ्यानं सांगा.

मी किती शाणी हाय हे आमच्या उंब्रजमधी कुणालाबी विचारा. सुमनवैनीला कुणी गंडवू शकत न्हाई म्हणत्यात. भाजीवाला मला बघितलं की तराजू पुसून घेतो! तर ह्या शाण्या बाईनं आपल्या शाणपणानं सख्ख्या नवऱ्याला मरणाच्या दारात नेऊन बसवलं. त्याचीच गोष्ट सांगते.

हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं लाकडाचं वर्कशॉप हाय. पोळपाट, लाटणी, रव्या, पाळण्याचं खांब, असलं कातीव काम. मालक लेथवर बसत्यात. मालक म्हंजी आमचं हे. मी रंध्याच्या मशीनवर फळ्या काढते, नंतर बाजूला बसून काचपेपर मारते, पॉलिश करते. लग्न होऊन आले तवापास्नं हेच. दिवसभर रंधा किंचाळतोय, कटर भुंकतोय आन् त्यात आमी दोघं सुखानं नांदतोय!

मालकास्नी दोन वर्षांमागं खोकला लागला. साधा म्हणून सोडून दिला. मग हळद-दूध झालं, अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, कुणाच्या तरी मावसभावानं सांगितलेलं काळं चाटण झालं. खोकला काय हलंना. जिना चढून पत्र्यावर वाळत टाकलेली फळी आणायची म्हणली तरी मधल्या पायरीवर बसायला लागलं. लाटणं कातताना दर दोन मिनिटांनी मशीन बंद करून छाती धरायची.

कराडला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढला, फुंकायची नळी तोंडात दिली, आन् कागद बघत बसलं. डॉक्टर कागद लय येळ बघाय लागला की समजायचं काय ते.

“काका, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात बसलीय,” डॉक्टर म्हणालं. “बसली ती बसली, ती काही निघायची नाही. पण आता ह्यापुढं अजून धूळ गेली, तर मी काही करू शकणार नाही. स्पष्टच सांगतो. काम सोडा.”

 मालक घरी आलं, पायरीवर बसलं. महिनाभर बसून हुतं. हातात एक लाटणं घ्यायचं आन् नुसतं फिरवत बसायचं. जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस मी विचारलं, “आवं, काय हुतंय तरी काय?”

“काय न्हाई गं,” म्हणालं. “हाताला काम न्हाई तर माणूस आधीच मेल्यागत हाय. मग धूळ गेली काय आन् न गेली काय.”

मला लय राग आला. रडूबी आलं, पण माझं रडू रागातनंच बाहेर पडतं. मी ताट आपटलं आन् म्हणलं, “मरायची भाषा माझ्या दारात करायची न्हाई! काम बी करायचं आन् जगायचं बी. कसं ते मी बघते!”

बघते म्हणलं आन् बघायला लागले. आधी मेडिकलमधला मास्क आणला. मालकांची दाढी ही एवढी! डोक्यावरचं केस गेलं तवापास्नं त्यांनी हनुवटीवर शेती केलीया. त्या दाढीवर मास्क बसंना. कडंनं हवा आत, कडंनं धूळ आत. दुसरा आणला, रबराचा, दोन्ही बाजूला डबे असलेला. तो घालून त्यांनी दोन श्वास घेतलं आन् तिसऱ्याला डोळं पांढरं केलं. निरोग्या माणसाला त्यातनं हवा ओढता येती. ह्यांच्या छातीत ओढायची ताकदच कुठं राहिली हुती?

म्हणलं, “दाढी काढा.”

“जीव काढ त्यापरास,” मालक म्हणालं.

मग आमच्या समोरच्या पंक्चरवाल्या हणमंतानं सांगितलं. हणमंता लय चांगला पोरगा, चाळिशीचा हाय पण आमाला पोरगाच. म्हणला, “वैनी, सांगलीला सेफ्टीच्या सामानाचं एक दुकान हाय. तिथं पंख्याचा टोप मिळतोय बघा. मागं पंखा, पुढं काच. पंखा हवा गाळून तोंडावर सोडतो. माणसानं नुसतं आरामात श्वास घ्यायचा. दाढी असली तरी चालतंय.”

दुसऱ्या दिवशी आमी दोघं यष्टीनं सांगलीला.

दुकानातला पोरगा चष्मेवाला, गोड बोलणारा. त्यानं टेबलावर चार टोप मांडलं. एकाचा पंखा कमरेच्या पट्ट्याला आन् तिथनं डोक्यापतूर नळी. मी म्हणलं, “ही नळी लेथमधी अडकली म्हंजी? नवरा पाळण्याच्या खांबागत गुंडाळला जाईल की!”

“बरोबर बोललात काकू,” पोरगा म्हणाला. “लेथवाल्यांना मी नळीचा देतच नाही.”

बघा! मी बरोबर बोलले. तिथनं पुढं मला कुणी आवरायचं?

दुसरा टोप जड हुता, मालकांची मान खाली जाई. तिसऱ्याची बॅटरी दुपारपतूरच. चौथा बरा निघाला. पंखा आन् फिल्टर मागं, टोपातच. वजन बेताचं, बॅटरी दिवसभर, काच उचलता येती. मालकांनी डोक्यावर घातला, पोरानं बटन दाबलं. मी तोंडाकडं बघत हुते. मालकांनी श्वास घेतला. परत घेतला. मग डोळं मिटलं आन् तसंच उभं राहिलं. डोळं उघडलं तवा त्यात पाणी हुतं.

“सुमन,” म्हणालं, “हवा येतीया गं.”

आता सांगा, अशा टायमाला बाई विचार करंल का घासाघीस? मी म्हणलं, “बांधा हा!”

पोरगा म्हणाला, “एक मिनिट काकू, समजून तर घ्या. हवा कमी पडली, फिल्टर भरला, काही अडलं, तर ह्यात शिट्टी वाजते. बारीक असते, पीं पीं पीं. आणि इथं मागं, फिल्टरजवळ, लाल दिवा लागतो. शिट्टी वाजली की मशीन बंद करायचं, बाहेर मोकळ्यावर यायचं आणि टोप काढायचा.”

“कळलं,” मी म्हणलं. “आता कानाचं दाखव.”

हणमंतानं मशीनच्या आवाजासाठी कानालाबी काहीतरी घ्या म्हणून सांगितलं हुतं. पोरानं रबरी बोळं काढली, शेंगदाण्याएवढी. मी म्हणलं, “हे काय? आमाला खेळायचं न्हाई.” मग त्यानं वाट्या काढल्या, टोपाला दोन्ही बाजूनं अडकवायच्या. एक लहान, एक मध्यम, एक ही एवढी मोठी, नारळाच्या करवंटीएवढी!

“कुठल्यानं आवाज जास्त थांबतो?” मी विचारलं.

“मोठ्यानं. पण काकू, तुम्हाला मध्यम पुरे. फार बंद केलं तर उपयोगाचे आवाजपण बंद होतात. शिट्टी ऐकू आली पाहिजे ना काकांना?”

“शिट्टी ऐकायला मी हाय की जवळ! दिवसभर चार हातावर बसलेली असते. मोठ्या द्या!”

पोरानं मालकांकडं बघितलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी पोरानं मोठ्याच वाट्या बांधून दिल्या.

“आणि काकू, तुमच्यासाठी? एखादा जोड?”

“मला काय धाड भरलीया? आजारी ते हाईत.”

घरी आणल्यावर टोपाची पूजा केली. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्याकडं नवीन हत्यार आलं की पूजा हुतेच, आन् हे तर जीव वाचवायचं हत्यार. मग मालकास्नी समोर बसवलं आन् म्हणलं, “आता माझ्या गळ्याशपथ घ्या. मशीन चालू हाय तवर टोप डोक्यावरनं काढायचा न्हाई. मी काढा म्हणल्याबिगर काढायचा न्हाई.”

“अगं, शिंक आली तर?”

“आतच शिंका! घ्या शपथ.”

माणूस साधा. घेतली शपथ. तीस वर्षात माझ्या गळ्याची शपथ त्यांनी एकदाबी मोडली न्हाई.

आन् काय सांगू तुमाला, पंधरा दिवसात माणूस बदलला! लेथवर बसलं की उठंनात. संध्याकाळी टोप काढला की तोंड स्वच्छ, दाढीत भुशाचा कण न्हाई. खोकला निम्म्यावर. भाकरी दोनाच्या तीन झाल्या. हणमंता रोज सर्व्हिस रोड ओलांडून बघायला यायचा आन् म्हणायचा, “दादा, चंद्रावर कवा निघायचं?” मालक काचेमागनं हसायचं. मी तर गावभर सांगत सुटले, माझ्यामुळं, मी आणला, मी पारखला!

इथंच थांबायचं हुतं. पण शाण्या बाईला थांबता येतंय व्हय?

एक दिवस टोप पुसताना मी फिल्टर बघितला. आणला तवा पांढराधोप हुता. आता शिसवाच्या धुळीनं पार तपकिरी झालेला.  एवढी महागाची वस्तू, पंधरा दिवसात ही अवस्था! वर्षभरात काय हुईल?

तुमीच सांगा, आपल्या घरात वस्तू खराब हुऊ नये म्हणून आपण काय करतो? मिक्सरला कव्हर. टीव्हीला कव्हर. सिलिंडरला झालरीचं कव्हर. रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीत जन्म काढतोय बिचारा. माझ्या घरात कव्हर न्हाई अशी एकच वस्तू हुती, ती म्हंजी मालक!

मी शिलाई मशीनवर बसले. बाहेरनं जाड खादीचं कापड घेतलं. आतनं रेक्झिन लावलं, गाडीच्या सीटचं उरलेलं, पाण्याचा थेंब सुद्धा आत जायचा न्हाई असलं. कडंनं इलास्टिक. वर जरीची किनार, आन् मधी मोत्यांनी ‘शुभ’ लिहिलं. टोपाच्या मागं बरोबर फिल्टरवर चढवलं, बाजूचा लाल दिवाबी त्याखालीच गेला. असं फिट्ट बसलं म्हणून सांगू! मी चार पावलं मागं जाऊन बघितलं आन् माझी मलाच शाबासकी दिली.

आता कळलं का तुमाला मी काय केलं ते? धूळ अडवायच्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून मी तिचं तोंडच बांधून टाकलं! तुमाला लगेच कळलं. मला कळलं न्हाई. माझ्या डोक्यात एकच, फिल्टर पांढरा राहिला पायजे.

सकाळी मालकास्नी टोप चढवला, वाट्या लावल्या. पाळण्याच्या खांबांची ऑर्डर हुती, शिसवाच्या. ते लेथवर बसलं, मी चार हातावर काचपेपर घेऊन बसले. मशीन सुरू झालं.

थोड्या वेळानं मालकांनी माझ्याकडं बघितलं आन् हात वर करून डोक्यामागं दोनदा थोपटलं.

मला वाटलं, कव्हर आवडलं. मी लाजले की ओ! ह्या वयात! हात हलवून म्हणलं, “असू दे, असू दे, दोन रुपयाचं तर कापड!”

ते परत लेथकडं वळलं. परत जरा वेळानं मान वळवली. काचेवर वाफ धरली हुती, तोंड नीट दिसत नव्हतं. हात परत डोक्यामागं. ह्या बारीला मी अंगठा दाखवला, झकास म्हणून.

माणूस मला विचारत हुता, काढू का. शपथ घातलेली ना मी! गुदमरत हुता आन् बायकोची परवानगी मागत हुता. आन् बायको काय करत हुती? अंगठा दाखवत हुती.

मग मालकांच्या हातातली पटाशी खाली पडल्याली दिसली. मी वर बघितलं तर मालक भुशाच्या ढिगावर बसल्यागत कलंडलेलं, एक हात अजून फिरत्या खांबाच्या जवळ. मी उठेस्तोवर हणमंता दारातनं आत घुसला. त्यानं पयला मेन स्विच खाली ओढला, मग टोप ओढून काढला. आत मालकांचं व्हट जांभळं. छाती नुसती उडत हुती, पण हवा आत जात नव्हती.

“वैनी!” हणमंता वरडला. “कवापास्नं शिट्टी वाजतीया! मला तिकडं रोडच्या पल्याड ऐकू आली! पयलं वाटलं ट्रक मागं घेतंय कोण. थांबंना म्हणून पळत आलो. तुमी जवळच हुता न्हवं?”

“कसली शिट्टी?” मी म्हणलं. “शिट्टीबिट्टी काय वाजली न्हाई!”

हणमंतानं माझ्याकडं असं बघितलं, की तसं परत कुणी बघू नये. पण बोलायला येळ कुठं हुता? त्याच्या जीपमधी मालकास्नी घातलं, डोकं माझ्या मांडीवर, आन् कराड गाठलं. सगळ्या वाटंनं मी एकच बोलत हुते, “शपथ सुटली, ऐकलं का, शपथ सुटली, श्वास घ्या.” शपथ सुटल्यानं श्वास येत असता तर डॉक्टर कशाला लागलं असतं?

चार दिवस ऑक्सिजनवर हुतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलवलं. हणमंतानं टोप त्यास्नी नेऊन दिला हुता. डॉक्टरांच्या टेबलावर माझं कव्हर. जरीची किनार, मोत्यांचं ‘शुभ’.

“हे कुणी शिवलं?”

“मी.”

डॉक्टरांनी ते तोंडाला लावून फुंकून बघितलं. मग खाली ठेवलं. “शिवण चांगली आहे काकू. हवा अजिबात जात नाही.”

मी जमीन बघत बसले. जमीन फाटंना.

“काका वाचले,” ते म्हणालं, “पण जेवढी ताकद पंधरा दिवसात मिळवली होती, तेवढी गेली. परत असं झालं तर माझ्याकडं आणायची घाई करू नका.”

एवढं झाल्यावर माणूस गप बसतो का न्हाई? मी बाहेर आले, बाकड्यावर बसले, पोटभर रडले. रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. माझं डोकं चालायला लागलं की समजा दुसरं संकट निघालं. मी म्हणलं, मान्य हाय, कव्हर शिवलं ही माझी चूक. शंभर टक्के माझी. पण मग ती शिट्टी का वाजली न्हाई? पोरगा म्हणला हुता ना, काही अडलं तर शिट्टी वाजतीया? मी चार हातावर हुते! वाजली असती तर मी उठले नसते? मग ह्यांच्या जिवाला खरा धोका कुणी दिला? त्या चष्मेवाल्यानं! बिनशिट्टीचा टोप गळ्यात मारला!

हणमंता म्हणतो ऐकली? त्यानं ट्रकाचाच आवाज ऐकला असणार. दिवसभर ट्रकांच्या खाली झोपतो, त्याला काय, सगळं तसंच ऐकू येत असणार.

मालक घरी आलं. आठवड्यानं चालतं-फिरतं झाल्यावर मी म्हणलं, “चला सांगलीला.”

“कशाला?”

“भांडायला!”

“सुमन, राहू दे.”

“का राहू दे? आपण बोललो न्हाई तर उद्या दुसऱ्या कुणाचा तरी नवरा मरंल!”

यष्टीत टोप मांडीवर घेऊन बसले. तासगाव फाटा गेला तवर माझं सगळं भाषण तयार हुतं. मालक खिडकीतनं बाहेर बघत हुतं. वाटंत एकदाच म्हणालं, “कुणाला अपशब्द बोलू नगंस.” मी म्हणलं, बघू.

दुकानात गिऱ्हाईक हुतं. साखर कारखान्याचं दोघं फिटर, टोप्या बघत उभं. काउंटरवर एक पोरगी बिलं लिहीत बसलेली. बरं झालं, म्हणलं, साक्षीदार मिळालं! मी टोप काउंटरवर आपटला.

“काय रं, हेच शिकवलं व्हय तुला? माणसाच्या जिवाशी खेळायचं?”

पोरगा घाबरला. “काय झालं काकू?”

मी सगळं सांगितलं. कव्हराचंबी सांगितलं, मी काय लपवत न्हाई. फिटर लोक कव्हराच्या वाक्याला एकमेकांकडं बघाय लागलं, पण माझं तिकडं ध्यान नव्हतं. मी म्हणलं, “कव्हर माझी चूक! पण शिट्टी? शिट्टी कुठं हाय तुझी? माझा नवरा माझ्या समोर मरत हुता आन् तुझा टोप मुका बसला हुता!”

पोरगा म्हणाला, “काकू, बघूया आपण. बिघडला असेल तर बदलून देतो.” त्यानं टोप हातात घेतला, बटन दाबलं, पंखा सुरू केला. मग मागच्या फिल्टरवर तळहात घट्ट दाबून धरला.

लाल दिवा लुकलुकाय लागला.

मी वाट बघितली. दिवा लुकलुकतोय. पोरगा माझ्याकडं बघतोय.

“बघ!” मी म्हणलं. “बघितलंस? दिवा लागला, शिट्टी न्हाई! आता बोल!”

 मी फिटर लोकांकडं वळले. “तुमी बघा दादा, तुमी त्रयस्थ माणसं. वाजतीया का शिट्टी?”

त्यातला एक म्हातारासा हुता, त्यानं एका कानात बोट घातलेलं. दुसरा म्हणाला, “बंद करा की ओ, कानात घुसतंय.”

“काय घुसतंय?”

“शिट्टी.”

मला वाटलं, हे सगळे एकाच माळंचं मणी! दुकानदारानं माणसं उभी केल्यात. मी म्हणलं, “नाटकं करू नगा! मी खेड्यातली असले तरी खुळी न्हाई! काउंटरवरच्या त्या पोरीला विचारते. काय गं बाय, तू खरं सांग. वाजतीया?”

त्या पोरीनं मान हलवली. व्हय म्हणून हलवली. आन् तिच्या डोळ्यात माझी कीव आली, ती मला दिसली.  पण मी मागं हटणारी बाई न्हाई.

मी मालकांकडं वळले. म्हणलं, जगात एक माणूस हाय जो माझ्याशी खोटं बोलत न्हाई.

“आवं, सांगा ह्यास्नी! सांगा, शिट्टी न्हाई म्हणून!”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. 

“वाजतीया, सुमन.”

“तुमी बी?”

“चांगली जोरात वाजतीया.”

“मग त्या दिवशी तुमाला कशी ऐकू आली न्हाई?”

“माझ्या कानावर करवंटीएवढ्या वाट्या हुत्या,” मालक म्हणालं. आवाज एकदम हळू, राग कुठं न्हाई. “तुझ्या कानावर काय हुतं?”

 पोरानं तळहात काढला, दिवा विझला. फिटर लोकांनी टोप्या बघायचं ढोंग सुरू केलं. आन् मी, जिच्या तोंडाला सगळं उंब्रज भितं ती मी, तोंड उघडं ठेवून उभी.

त्याच पोरानं सांगितलं, गल्लीच्या टोकाला कान तपासायचं ठिकाण हाय. मालक मला दंडाला धरून घेऊन गेलं. आजारी माणूस धडधाकट बायकोला धरून चाललेला! रस्त्यानं मी म्हणत हुते, “अवो थकवा असंल. रडून रडून कान बसलं असतील.” मालक नुसतं “चल” म्हणालं.

तिथली पोरगी हसरी हुती. तिनं विचारलं, “काकू, घरी कधी जाणवलं का, कमी ऐकू येतं असं?”

“कधीच न्हाई!” मी छातीवर हात ठेवून म्हणलं. “माझं कान शाबूत हाईत.”

मालक खाकरलं. “दोन कुकर बदलून झालं,” पोरीला म्हणालं. “शिट्टी हुत न्हाई म्हणून दुकानदाराशी भांडून. तिसऱ्याची बी तक्रार हाय.”

“मग ते कुकर खराबच हुतं!” मी म्हणलं. पोरीनं लिहून घेतलं. किती वर्षं मशीनवर काम करताय विचारलं. मी सांगितलं. कानाला काही लावत होता का विचारलं. मी पदर ओढून कानावर घेतला.

मग तिनं मला एका लहान खोलीत बसवलं. काचेची खिडकी, जाड दार, कानावर वाट्या, हातात एक बटन. सांगितलं, “काकू, आवाज ऐकू आला की बटन दाबायचं. बारीक असला तरी दाबायचं. घाई करू नका.”

मी म्हणलं, येऊ दे. परीक्षेला बसल्यागत ताठ बसले.

पयल्यांदा घूं करून आला. दाबलं. मग दुसरा, तसाच जाड, लांबून भोंगा वाजावा तसा. दाबलं. मी काचेतनं मालकांकडं बघितलं, बघा म्हणलं, येतंय का न्हाई! अजून एक, जरा पुसट. दाबलं.

मग ते थांबलं.

मी वाट बघत बसले. काचेपल्याड पोरगी एकेक कळ दाबत हुती, कागदावर टिंबं देत हुती. मालक तिच्या मागं उभं. मी म्हणलं, हिसाब करत असंल. बसले. मग म्हणलं, हिचं मशीन बिघडलं असंल, सांगलीत बी लाईट जातीया. बसले. बोट बटनावर तसंच ठेवलेलं, अवघडून गेलं. मग मला राग आला. मी काचेवर टकटक केलं आन् हातानं खूण केली, चालू करा की! पोरीनं वर बघितलं, हसायचा प्रयत्न केला, आन् परत कळ दाबली. मालकांनी तोंड भिंतीकडं केलं.

शेवटी दार उघडलं. मी जरा ठसक्यातच म्हणलं, “बाई, किती येळ बसवून ठेवायचं माणसाला? चालू कवा करताय?”

ती मालकांकडं बघाय लागली. मालक आत आलं, वाकलं, एका जाग्यावर धाप टाकत उभं राहिलं. मग माझ्या कानावरच्या वाट्या त्यांनी दोन्ही हातांनी हळूच काढल्या.

“झालं, सुमन,” म्हणालं. “समदं वाजवून झालं.”